प्रार्थना आणि धावफलक

दवाखान्याच्या बाहेर, पार्किंगमध्ये एक बाई आपल्या गाडीपाशी येऊन थांबते. कित्येक वर्षं मूल होत नाही म्हणून ती आणि तिचा नवरा झुरताहेत. आजची चाचणीही नकारार्थी निघाली आहे. ती रडते, आणि रडत रडतच देवाला सांगते, की तरीही मी तुझ्यावर प्रेम करीन. 2006 साली आलेल्या 'फेसिंग द जायंट्स' या चित्रपटातला हा प्रसंग आहे. अभिनयात सराईतपणा नाही, कॅमेऱ्याची करामत नाही, तरी अंगावर येतो, कारण देवाकडून काही मिळण्याची आशा संपल्यावर बोललेलं ते वाक्य आहे. आणि ते पुरतं विरायच्या आत नर्स धावत बाहेर येते. कागदांची अदलाबदल झाली होती, बाई गरोदर आहे.

मला त्या नर्सचा राग येतो. बातमी आनंदाची आहे, त्या जोडप्यासाठी आपल्यालाही बरं वाटतं. पण त्या बाईने आत्ताच एक फार मोठी गोष्ट कबूल केली होती आणि ती निभावून दाखवायला चित्रपटाने तिला दोन मिनिटंही दिली नाहीत. ती घरी जाते, रिकाम्या खोलीचं दार लावून घेते, पुढच्या रविवारी चर्चमध्ये दुसऱ्या कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा बघत बसते, हे आपल्याला दिसायला हवं होतं. श्रद्धा तिथे दिसली असती.

खेळाभोवती गुंफलेले ख्रिस्ती श्रद्धेचे चित्रपट ती श्रद्धा प्रामाणिकपणे दाखवतात का, हा या पुस्तकाचा विषय आहे. पुढच्या प्रकरणांत चित्रपट एकेक करून येतील. इथे त्या प्रश्नाची पार्श्वभूमी सांगायची आहे, आणि माझी बाजूही. मी मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढलो. त्यामुळे हे चित्रपट मी परक्या देशाची गंमत म्हणून बघू शकत नाही. पडद्यावर कुणी गुडघे टेकले की माझ्या घरातली माणसं मला आठवतात, आणि ती माणसं तशी नव्हती असं वाटलं की मी अस्वस्थ होतो.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवतो. असे चित्रपट म्हणजे निव्वळ धर्मप्रचार किंवा धंदा, असं म्हणून त्यांना मोडीत काढणं सोपं आहे. 'फेसिंग द जायंट्स' जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावच्या शेरवूड बॅप्टिस्ट चर्चने काढला. दिग्दर्शक आणि नायक अ‍ॅलेक्स केंड्रिक हे त्याच चर्चचे पाळक. खर्च सुमारे 1 लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात काहीच नाही. पडद्यावरची आणि पडद्यामागची बहुतेक माणसं मंडळीतलीच, फुकट राबलेली. चित्रपटाने पुढे सुमारे 1 कोटी डॉलर मिळवले, पण तो काढताना त्याची खात्री कुणालाच नव्हती. त्या लोकांच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. प्रामाणिक माणसांच्या हातून अप्रामाणिक चित्र का उतरतं, हे मात्र समजून घ्यायला हवं.

याचं एक उत्तर मला आमच्याच साक्षीच्या सभांमध्ये सापडतं. ज्यांना त्या ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: मंडळीसमोर उभं राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं, याला आम्ही साक्ष देणं म्हणतो. आजार बरा झाला, नोकरी लागली, दारू सुटली. सांगणारा खरंच सांगत असतो. पण ज्याचा आजार बरा झाला नाही तो सहसा पुढे येत नाही. तो मागच्या बाकावर बसून इतरांबरोबर 'आमेन' म्हणतो. सभेत एकही खोटं वाक्य बोललं जात नाही, तरी सभा संपल्यावर मनात राहणारं चित्र खोटं असतं. हे चित्रपट म्हणजे अशीच एक भव्य साक्ष आहे. खऱ्या माणसांची, पण निवडून पुढे आणलेल्या माणसांची.

त्यात खेळाचा चित्रपट आला की गाठ आणखी पक्की बसते. त्याचा साचा ठरलेला: हरणारा संघ, खचलेला कोच, मध्यंतराच्या आसपास आलेलं वळण, आणि शेवटच्या सेकंदाला फिरणारा सामना. प्रेक्षक तिकीट काढतो ते त्या शेवटच्या सेकंदासाठी. 'फेसिंग द जायंट्स'मधला शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच ग्रँट टेलर मुलांना बजावतो, की जिंकलो तरी देवाची स्तुती करायची, हरलो तरी करायची. शिकवण निर्मळ आहे. पण त्या दोन वाटांपैकी दुसरीवर पटकथा मुक्कामाला कधी जातच नाही. अंतिम सामना एका लहानखुऱ्या मुलाच्या 51 यार्डांच्या किकवर येऊन ठेपतो, आणि नेमका त्या वेळी वारा दिशा बदलतो. संघ जिंकतो, नवी गाडी मिळते, पाळणाही हलणार असतो. कोचचे शब्द एक शिकवतात आणि कथानक दुसरं शिकवतं. अंधारात बसलेल्या माणसाच्या मनावर कथानकाचाच ठसा राहतो.

त्याच चित्रपटातला एक प्रसंग मात्र या सगळ्याला पुरून उरला आहे. तो तुकडा यूट्यूबवर कोट्यवधी लोकांनी पाहिला असेल, कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांतही तो दाखवतात. ब्रॉक नावाच्या खेळाडूच्या डोळ्यांवर कोच पट्टी बांधतो. पाठीवर एका सहकाऱ्याला घेऊन, गुडघे जमिनीला न टेकवता, हातापायांवर जमेल तितकं पुढे जायचं. निम्म्या मैदानापर्यंत गेलो तरी पुष्कळ, अशी मुलाची समजूत. कोच शेजारून रांगत, ओरडत जातो. मुलाचा श्वास फुटतो, हात जळतात, पाठीवरचा मुलगा जड होत जातो, आणि कोसळल्यावर पट्टी सुटते तेव्हा तो मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो. या प्रसंगात ना वारा फिरतो, ना धावफलक हलतो. डोळ्यांपुढे अंधार, पाठीवर दुसऱ्याचं ओझं आणि कानाशी एक आवाज, एवढंच. श्रद्धेने जगणारी जी माणसं मी पाहिली ती अशी जगतात. हा प्रसंग सुचलेल्या माणसालाच ती नर्सही सुचावी, याचं मला वाईट वाटतं.

खेळ आणि ख्रिस्ती धर्म यांची सोयरीक चित्रपटांनी जमवलेली नाही, ती फार आधीची. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या शाळांतून बळकट शरीर आणि धार्मिक मन हातात हात घालून चालतं असा विचार पसरला. टॉमस ह्यूजची 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' ही कादंबरी 1857ची. पुढे वायएमसीए या संस्थेने तो विचार अमेरिकेत व्यायामशाळांमध्ये उतरवला. 1891च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे, याच संस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथने बास्केटबॉल शोधून काढला. चार वर्षांनी जवळच्याच होल्योकमध्ये व्हॉलीबॉल जन्मला. मद्रासला 1920 साली हॅरी बक यांनी काढलेलं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालयही याच संस्थेचं. आपल्या शाळांच्या मैदानांवर संध्याकाळी जो व्हॉलीबॉल रंगतो त्याचं मूळही असं एका ख्रिस्ती संस्थेत आहे. अमेरिकेत 1954 मध्ये 'फेलोशिप ऑफ ख्रिश्चन अ‍ॅथलीट्स' स्थापन झाली, नामवंत खेळाडू उघडपणे साक्ष देऊ लागले. मग 2004 साली 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट'ने जगभरात 60 कोटी डॉलरहून अधिक कमावले आणि हॉलिवूडला कळलं, की चर्चमध्ये जाणारा प्रेक्षक थिएटरातही येतो. मोठ्या स्टुडिओंनी त्या प्रेक्षकासाठी वेगळे विभाग उघडले. हे सगळं घडत असताना विजय हा देवाच्या कृपेचा पुरावा होऊन बसला, आणि त्याला कुणी फारशी हरकत घेतली नाही.

हरकत घ्यायला पवित्र शास्त्रातच पुरेसा आधार होता. अमेरिकन खेळाडूंचं सर्वांत लाडकं वचन फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं आहे, ख्रिस्ताच्या बळावर मी सगळं करू शकतो अशा अर्थाचं. ते बुटांवर लिहिलं जातं, मनगटावर गोंदलं जातं. पण पौल हे कैदेतून लिहितो आहे, आणि त्याच्या आदल्याच ओळीत तो भुकेविषयी बोलतो: पोट भरलेलं असो वा उपाशी, दोन्हींत कसं राहायचं ते मी शिकलो आहे. म्हणजे 'सगळं करू शकतो' यात उपास सोसणंही आलं. याच पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा तसाच राहिला. ईयोबाचे मित्र त्याला समजावत बसतात की तुझं काहीतरी चुकलं असणार म्हणून तुझ्यावर ही वेळ आली, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. आणि गेथशेमानेच्या बागेत खुद्द येशूने केलेली विनवणी? प्याला टळला नाही. ज्या धर्माची खूणच वधस्तंभ आहे, त्या धर्मावरच्या चित्रपटांना पराभवाची एवढी भीती का वाटावी?

या जातीच्या चित्रपटांत सर्वांत थोर समजला जातो तो ब्रिटनचा, 1981 सालचा 'चॅरियट्स ऑफ फायर'. दिग्दर्शक ह्यू हडसन, लेखक कॉलिन वेलँड, संगीत व्हँगेलिसचं. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर. 1924च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या दोन धावपटूंची ही गोष्ट: ज्यू म्हणून डावललं जाण्याचा सल घेऊन धावणारा हॅरल्ड अब्राहम्स, आणि रविवार हा प्रभूचा दिवस म्हणून त्या दिवशी धावायला नकार देणारा स्कॉटिश एरिक लिडेल. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण याच चित्रपटावर आहे आणि ते तसंच असायला हवं, कारण इथे श्रद्धा माणसाला काही मिळवून देण्याआधी त्याच्याकडून काही मागते.

चित्रपटाने इतिहासात बरेच फेरफार केले. आपल्या शंभर मीटर शर्यतीची पहिली फेरी रविवारी आहे हे पडद्यावरच्या लिडेलला पॅरिसच्या बोटीवर चढताना कळतं. प्रत्यक्षात ते त्याला कित्येक महिने आधी ठाऊक होतं, आणि तो शांतपणे चारशे मीटरच्या तयारीला लागला होता. त्याच्यासाठी आपली जागा सोडणारा उमदा लॉर्ड हे काल्पनिक पात्र आहे. धावण्यावरून त्याला टोचणारी बहीण जेनी प्रत्यक्षात तशी नव्हती. आणि धावताना देवाला होणारा आनंद मला जाणवतो, हे त्याच्या तोंडचं वाक्य, जे आज जगभरच्या चर्चमध्ये लिडेलचं म्हणून उद्धृत होतं, ते वेलँडच्या लेखणीतून आलं आहे.

तरीही मी या चित्रपटाला अप्रामाणिक म्हणणार नाही. तारखा हलवणं हा पटकथाकाराचा हक्क आहे. श्रद्धेच्या गाभ्याशी तो खेळला का, हे बघायचं. 6 जुलै 1924च्या त्या रविवारी लिडेल पॅरिसमधल्या स्कॉटिश चर्चमध्ये उभा राहून यशयाचा अध्याय वाचतो. माणसं थकतात, तरुणही ठेचकाळून पडतात, असं सांगणारा तो भाग. वाचन चालू असताना पडद्यावर इतर खेळाडू हरताना, चिखलात कोसळताना दिसतात. प्रार्थनेला इथे उत्तर म्हणून पदक येत नाही. देवाच्या महानतेपुढे मोठमोठी शरीरं किती थकतात, एवढंच दिसतं. आणि अब्राहम्स जिंकतो तेव्हा? त्याचे प्रशिक्षक सॅम मुसाबिनी स्टेडियमबाहेर, हॉटेलच्या खोलीत खिडकीशी उभे आहेत. राष्ट्रगीत ऐकू आलं तेव्हा कुठे त्यांना निकाल कळतो, आणि त्यांची मूठ स्वतःच्या टोपीतून आरपार जाते. पण ज्याने ते सुवर्णपदक मिळवलं तो कपडे बदलायच्या खोलीत एकटा, रिता बसलेला. जिंकण्याने माणूस भरत नाही, हे कुणीही प्रवचन न देता सांगितलं गेलं.

लिडेलने 11 जुलैला चारशे मीटर 47.6 सेकंदांत जिंकली. चित्रपट तिथून थोडंच पुढे जाऊन थांबतो, आणि शेवटी पडद्यावर त्याच्या चीनमधल्या मृत्यूची एक ओळ उमटते. माझी तक्रार त्या ओळीपाशी आहे. लिडेलच्या श्रद्धेची खरी परीक्षा त्या ओळीच्या आत मिटून गेली.

तो मिशनऱ्यांचा मुलगा, जन्म तिआनजिनचा, 1902चा. ऑलिंपिकनंतर एका वर्षाने, कीर्तीच्या शिखरावर असताना, तो तिथेच शिकवायला परत गेला. 1941 मध्ये युद्धाच्या सावटामुळे त्याने गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवलं. तिसरी मुलगी तिकडे जन्मली. तिला त्याने कधी पाहिलं नाही. 1943 साली जपान्यांनी त्याला शांतुंग प्रांतातल्या वेइशिएनच्या छावणीत डांबलं. आईबापांपासून तुटलेली पुष्कळ मुलं तिथे होती. त्यांच्यासाठी तो एरिककाका झाला: शिकवायचा, खेळ घ्यायचा, संध्याकाळी बुद्धिबळाच्या पटावर वाकून बसायचा. रविवारी मात्र खेळ नाहीत. हा नियम त्याचाच.

कंटाळलेल्या मुलांनी एका रविवारी त्याच्याविनाच हॉकीचा सामना लावला. पंच नाही, म्हणून मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल मैदानावर आला आणि त्याने पंचाचं काम केलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. देशाच्या मानापुढे जो वाकला नाही, तो भांडणाऱ्या पोरांपुढे वाकला. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, ही येशूची शिकवण त्याने तोपर्यंत शेकडो वेळा वाचली असणार. त्या धुळीच्या मैदानात ती त्याने पाळली. पॅरिसचा नकार आणि वेइशिएनचा होकार एकाच माणसाचे आहेत, आणि माझ्या मते दुसरा पहिल्याहून अवघड होता, कारण त्यात त्याला स्वतःच घातलेली मर्यादा मोडावी लागली. 21 फेब्रुवारी 1945 रोजी, छावणी सुटायच्या काही महिने आधी, मेंदूतल्या गाठीने तो वारला. वय 43.

त्याच छावणीत लँग्डन गिल्की नावाचा तरुण अमेरिकन शिक्षक होता, पुढे तो नामवंत धर्मशास्त्रज्ञ झाला. 1966 साली त्याने छावणीवर 'शांतुंग कंपाउंड' हे पुस्तक लिहिलं. त्यात लिडेलसारखी माणसं आहेत, आणि वीतभर जागेसाठी भांडणारे, रेडक्रॉसची पार्सलं इतरांना देणार नाही म्हणून अडून बसलेले सज्जन ख्रिस्तीही आहेत. श्रद्धा माणसाला आपोआप उदार करते असं ते पुस्तक म्हणत नाही, आणि म्हणूनच त्यातला उदार माणूस खरा वाटतो.

अप्रामाणिकपणा दुसऱ्या बाजूनेही होतो. श्रद्धेचे चित्रपट काढणारेच तेवढे दोषी, असं या पुस्तकातून ध्वनित होऊ नये. लुई झँपेरिनी 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर धावला, युद्धात विमान कोसळल्यावर 47 दिवस पॅसिफिकमध्ये तराफ्यावर तरंगला, मग जपानी कैदेत त्याने अनन्वित छळ सोसला. अँजेलिना जोलीचा 'अनब्रोकन' (2014) हे सगळं दाखवतो आणि सुटकेपाशी थांबतो. पण झँपेरिनीच्या मते त्याची सुटका 1945ची नव्हतीच. घरी आल्यावर तो दारूत बुडाला, छळणाऱ्या पहारेकऱ्याला ठार मारण्याची स्वप्नं पाहू लागला, संसार मोडायला आला. 1949 मध्ये लॉस एंजलिसला धर्मप्रचारक बिली ग्रॅहमच्या सभेत त्याने येशूचा स्वीकार केला. पुढे जपानला जाऊन त्याने आपल्या पहारेकऱ्यांना क्षमा केली. चित्रपटात यातलं जे आलं ते शेवटच्या काही अक्षरांत आलं. मग 2018 साली दुसरा चित्रपट निघाला, तो फक्त या उत्तरार्धावर, श्रद्धाळू प्रेक्षकासाठी. एका माणसाचे असे दोन तुकडे झाले: शरीर एका चित्रपटात, आत्मा दुसऱ्यात. कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनवरच्या '42' (2013) मध्येही तसंच. रॉबिन्सन आणि त्याला संघात घेणारे ब्रँच रिकी, दोघे मेथडिस्ट. अपमान गिळून उलट हात न उगारण्याचं बळ त्यांच्या धर्मातून आलं होतं. चित्रपट तो धागा एका हलक्याफुलक्या संवादात उरकतो.

मग जमलं कुणाला? पूर्णपणे कुणालाच नाही, तुकड्यांत काहींना. हवाईची सर्फर बेथनी हॅमिल्टन 13 वर्षांची असताना, 31 ऑक्टोबर 2003 रोजी, शार्कने तिचा डावा हात तोडला. तिच्यावरच्या 'सोल सर्फर' (2011) मध्ये ती शेवटची स्पर्धा हरते. अखेरची अप्रतिम लाट तिने पकडलेली असते, पण भोंगा आधीच झालेला. पटकथेला तो भोंगा दोन सेकंद उशिरा वाजवता आला असता. तसं केलं नाही, याबद्दल मी त्या चित्रपटाचे बाकीचे गोडवे माफ करतो. याच चित्रपटाच्या एका आवृत्तीत बायबलच्या मुखपृष्ठावरची अक्षरं संगणकाने पुसली होती आणि कुटुंबाने हरकत घेतल्यावर ती परत आली, हेही नोंदवण्याजोगं आहे.

'ग्रेटर' (2016) मला या सगळ्यांत धीट वाटतो. ब्रँडन बर्ल्सवर्थ हा अर्कान्सा विद्यापीठात शिष्यवृत्तीविना फुटबॉल संघात घुसलेला, जाडजूड, चष्मेवाला मुलगा. कष्टाने तो देशातल्या उत्तम खेळाडूंत गेला. 1999च्या एप्रिलमध्ये इंडियानापोलिसच्या व्यावसायिक संघाने त्याला निवडलं आणि 11 दिवसांनी मोटार अपघातात तो गेला. आईला चर्चला न्यायला घरी निघाला होता. चित्रपट सुरू होतो तोच त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी. थोरला भाऊ मार्टी चर्चबाहेर उभा आहे, आत पाऊल टाकवत नाही. एवढ्या भल्या मुलाला देवाने का नेलं, हा प्रश्न चित्रपट त्याला मनसोक्त विचारू देतो, आणि देव नाहीच म्हणणाऱ्या पात्रालाही दमदार संवाद देतो. उत्तर शेवटी थोडं घाईने येतं खरं. पण मागच्या बाकावरचा माणूस इथे पुढे येऊन बोलला.

मार्क वॉल्बर्गच्या 'फादर स्टू' (2022) मध्ये तोंडाळ मुष्टियोद्धा कॅथलिक पाळक होतो, आणि स्नायू झिजवणारा आजार त्याला चाकाच्या खुर्चीत बसवतो. तो बरा होत नाही. शिव्यांमुळे पुष्कळ चर्चवाल्यांनी त्याकडे पाठ फिरवली. मला त्या शिव्यांतही प्रार्थनाच ऐकू येते. 'वुडलॉन' (2015) विषयी इथे एवढंच, की 1973च्या, अलाबामातल्या बर्मिंगहॅममधला काळ्या-गोऱ्यांचा प्रश्न एका सभेत शाळेच्या सगळ्या फुटबॉल संघाने येशूचा स्वीकार केल्याने सुटतो असं त्यात भासतं. ज्या शहरात चर्चमध्येच बॉम्बस्फोट घडवून चार मुलींना मारलं गेलं होतं, तिथे गोष्ट इतकी सरळ नव्हती.

मराठी वाचकाने या चित्रपटांकडे बघताना आपली मापं बरोबर घ्यावीत. भक्ती पडद्यावर कशी दाखवावी याची आपल्याकडे परंपरा आहे. प्रभातच्या 1936च्या 'संत तुकाराम'मध्ये शेवटी वैकुंठाचं विमान येतं, चमत्कारांना तोटा नाही. पण त्या चित्रपटात तुकोबांची बायको आहे. पोर आजारी पडल्यावर वहाण घेऊन ती थेट विठ्ठलाला जाब विचारायला देवळात शिरते. देवावर असं चिडता येतं, तरी माणूस त्या देवाच्या घरचाच राहतो, हे दामले-फत्तेलालांना कळलं होतं. आणि ख्रिस्ती श्रद्धेपुरतं बोलायचं तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' समोर आहेत. नवऱ्याने 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर उद्ध्वस्त झालेली, सोवळंओवळं उराशी धरून वर्षानुवर्षं वेगळी राहिलेली, आणि हळूहळू, स्वतःच्या पायांनी त्या श्रद्धेपर्यंत चालत आलेली बाई त्यात आहे. तिथे वारा कुठेच फिरत नाही. एक ब्राह्मण बाई कुणाच्या हातचं पाणी पिते, एवढ्याशा गोष्टीला पानंच्या पानं लागतात, कारण आयुष्यात त्याला तितका वेळ लागतो.

शेवटी एक मागणं, आपल्या चित्रपटवाल्यांकडे. विजय हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती. 1952 साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हाचे कर्णधार. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत संघ धर्मावर पडत, आणि हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन यांपैकी कुणातच न बसणाऱ्यांना 'द रेस्ट' म्हणजे उरलेल्यांच्या संघात जागा मिळे. हजारे त्यात होते. 1943च्या डिसेंबरात ब्रेबॉर्नवर हिंदूंविरुद्धच्या अंतिम सामन्यात विजय मर्चंटांनी नाबाद 250 केल्या, हिंदूंनी 581वर डाव सोडला, आणि 'द रेस्ट'वर फॉलोऑन आला. दुसऱ्या डावात संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या. धाकटा भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला खिळून उभा राहिला. दोघांच्या 300 धावांच्या भागीत त्याच्या 21 होत्या. कुणी यावर चित्रपट करायला घेतलाच, तर संवाद हवे तसे लिहावेत, पात्रं वाढवावीत, तारखा मागेपुढे कराव्यात. तो सामना 'द रेस्ट' एक डाव आणि 61 धावांनी हरले, एवढं मात्र कृपा करून बदलू नये.